विहीर ते वस्ती पाईपलाईन आणि केबल : १२०० फूट काम करून घेतलं त्याचा अनुभव

आमचं रान पंढरपूर तालुक्यात, विहीर खाली ओढ्याच्या कडंला आणि वस्ती वर, मधे १२०० फूट सगळं काळं रान. पाणी खालनं वर आणायचं आणि लाईट वरच्या पेटीतनं खाली मोटारीला न्यायची. चार वर्षांपूर्वी एकाकडनं हे काम केलं होतं, त्यानं दीड फुटावर पाईप टाकला, त्यालाच चिकटून साधी केबल सोडली आणि सकाळी टाकलेलं संध्याकाळी बुजवून मोकळा झाला. पहिल्याच उन्हाळ्यात रानाला भेगा पडल्या आणि दोन जॉइंट निसटले, दुसऱ्या वर्षी पलटी नांगराच्या फाळात केबल आली. लाईन नेमकी कुठनं गेलीय हेच कुणाला सांगता येईना, वडील आणि मी पाच दिवस कुदळ घेऊन उकरत होतो आणि तिकडं डाळिंब सुकत होतं. ते पाच दिवस मी विसरलेलो नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

यावेळी पाहुण्यांच्या ओळखीतनं दुसरे मिस्त्री मिळाले, सोबत चार माणसं. आल्याआल्या त्यांनी रेट सांगितला नाही, आधी सगळं अंतर टेपनं मोजलं, मोटार किती एचपीची विचारलं आणि जुनी केबल हातात घेऊन बघितली. ५ एचपीच्या मोटारीला एवढ्या लांब ४ एमएमची (तारेचा छेद ४ चौरस मिमी) केबल होती, साधारण ३० व्होल्ट वाटेतच जात होते, रात्रपाळीची लाईट आधीच कमी दाबाची त्यामुळं मोटार नुसती हूं हूं करायची आणि स्टार्टर पडायचा. एवढे दिवस आम्ही मोटारीलाच दोष देत होतो, दोनदा आतली वायर नवी भरून आणली! आता १० एमएमची ॲल्युमिनियम आर्मर केबल (वरनं लोखंडी तारांचं कवच असलेली) टाकलीय, पेटीपाशी ४०५ दाखवतंय तर मोटारीपाशी ३९२, मी स्वतः मीटर लावून बघितलं.

चारी जेसीबीनं तीन फूट खोल आणि दोन फूट रुंद. एका अंगाला ७५ एमएमचा ६ केजीचा (म्हणजे चौरस सेंटीमीटरला ६ किलो दाब सोसणारा) पीव्हीसी पाईप, दुसऱ्या अंगाला केबल, मधे फूटभर अंतर. केबलखाली वाळू, वर वाळू, त्यावर आडव्या विटा आणि अर्धी चारी बुजल्यावर लाल पट्टी, म्हणजे पुढं कुणी खांदलं तर आधी पट्टी दिसंल. केबल अख्खी एकच, मातीत एकही जॉइंट नाही, आणि बुजवायच्या आधी व नंतर दोन्ही वेळा मेगर (केबलचं इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावला. गाडीवाट आडवी जाते तिथं दोन्ही लाईनी वेगवेगळ्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाईपातनं घेतल्या.

पाईप जोडायची पद्धत तर बघत बसावी अशी. टोकाची धार कानशीनं मारायची, फडक्यानं पुसायचं, किती आत जायला पाहिजे तिथं पेन्सिलीची खूण, मग दोन्हीकडं सोल्युशन लावून थोडं फिरवत खुणेपर्यंत दाबायचं आणि तसंच धरून ठेवायचं. ६० पाईप, एकालाही घाई नाही. भर दुपारी जोडकाम बंद, कारण उन्हात पाईप लांबतो आणि रात्री आखडला की जॉइंट ओढतो, म्हणून चारीतपण जरा नागमोडीच टाकला.

मिस्त्री मला म्हणले, "मालक, आज बुजवायचं नाही. मधे मधे माती टाकू, जॉइंट उघडे ठिवा." दुसऱ्या दिवशी मोटार चालू करून वरचा व्हॉल्व्ह हळूहळू आवळला, साडेतीन केजीपर्यंत प्रेशर नेलं आणि मिस्त्री स्वतः चारीत उतरून एकेक जॉइंटवरनं कोरडा हात फिरवत गेले. सतराव्या जॉइंटला बोटाला ओल लागली. डोळ्याला काही दिसत नव्हतं, घामासारखा एक थेंब. तेवढा तुकडा कापला, नवीन टाकून कपलर बसवले, अजून एक दिवस थांबले आणि परत टेस्ट घेतली. ज्यादा दिवसाचा एक रुपया मागितला नाही. मागच्या वेळी हाच थेंब बुजला गेला असता.

चढावर एअर व्हॉल्व्ह (पाईपातली हवा सोडणारा) आणि विहिरीजवळ एनआरव्ही (पाणी माघारी येऊ न देणारा व्हॉल्व्ह) बसवलाय, लाईट गेल्यावर पाणी माघारी येऊन पाईपाला जो दणका बसायचा तो बंद झाला.

तक्रार एकच, माती नीट दाबली नाही. जूनच्या पहिल्या पावसात चारी वीतभर बसली, दोन ठिकाणी पाणी तुंबलं. फोन केला तर येतो म्हणले पण यायला बारा दिवस लागले, तोवर आम्हीच दोन ट्रॉली माती टाकली. आणि जेसीबीचे तास आपणच लिहून ठेवा, तो हिशोब वेगळा असतो, आमचा अंदाजापेक्षा बराच वाढला.

५ पैकी ४ स्टार. काम करून घ्यायचं असंल तर पीक निघाल्यावर लगेच सांगा, उन्हाळ्यात नंबर लागत नाही. जाताना त्यांनी कागदावर नकाशा काढून दिला, चिंचेपासून किती फूट, बांधापासून किती, व्हॉल्व्ह कुठं. वडिलांनी तो लॅमिनेशन करून स्टार्टरच्या पेटीत आतल्या बाजूनं लावलाय आणि ट्रॅक्टरवाला आला की आधी तिथं नेऊन दाखवतात.