प्रोजेक्टर घ्यावा की मोठा टीव्ही? द्विशिक्षकी शाळेतला अनुभव

आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत चहाच्या सुट्टीत शेजारच्या शाळेतल्या मॅडमनी विचारलं, "सर, लोकवर्गणी जमलीय. प्रोजेक्टर घेऊ की टीव्ही?" उभ्याउभ्या जे सुचलं ते सांगितलं, पण ते अर्धवटच राहिलं. हा प्रश्न बऱ्याच शाळांपुढे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी शाळा पाटण तालुक्यातली, दोन शिक्षकांची. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी माझ्याकडे दुसऱ्या खोलीत. माझ्या खोलीत 19 मुलं, सगळी बसकर पट्ट्यांवर. प्रोजेक्टर आमच्याकडे 2018 साली आला. कोरोनात शाळा बंद होत्या तो काळ सोडला, तर 2022 च्या पावसाळ्यापर्यंत मी तोच वापरला. त्यानंतर 43 इंची टीव्ही. जे सांगतोय ते या दोन खोल्यांतल्या अनुभवावरून. तुमची खोली वेगळी असेल, तर निर्णयही वेगळा होऊ शकतो.

जून 2015 मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला आणि पुढे गावोगावी लोकवर्गणीतून डिजिटल वर्ग उभे राहिले. तेव्हा आमच्या भागात जवळजवळ सगळ्यांनी प्रोजेक्टरच घेतले आणि ते बरोबरही होतं, कारण तेवढ्या पैशांत मिळणारा टीव्ही फार लहान असे. आज तशी परिस्थिती नाही. तरी "डिजिटल वर्ग म्हणजे प्रोजेक्टर" हे समीकरण डोक्यात पक्कं बसलंय. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीतही पहिला शब्द तोच निघतो.

आधी प्रोजेक्टरच्या बाजूने बोलतो, कारण त्याने मला शिकवलंय. चौथीच्या परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात शिवचरित्र आहे. प्रतापगड भिंतीवर सहा फूट रुंद दिसला, तेव्हा मुलं उठून भिंतीजवळ गेली आणि बुरुजांवर हात फिरवू लागली. ती भव्यता टीव्हीत येत नाही, हे मान्यच करायला हवं. आमच्या जवळच्या दातेगडावरची खडकात खोदलेली, तलवारीच्या आकाराची विहीर काही मुलांनी आईवडिलांबरोबर जाऊन पाहिली होती. तिचा फोटो भिंतीवर आला, तेव्हा तिसरीतल्या एका मुलीने पुढे येऊन पायऱ्या कुठून सुरू होतात ते बोट ठेवून दाखवलं. त्या दिवशी मला समजलं, की व्हिडिओ सुरू करून बाजूला उभं राहणं म्हणजे शिकवणं नव्हे. त्याआधीचे तीन-चार महिने मी तेच करत होतो. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करायचा, सरकारच्या दीक्षा ॲपवरचा व्हिडिओ लावायचा आणि तो संपला की प्रश्न विचारायचे. आता दर मिनिट-दीड मिनिटाला थांबवतो आणि विचारतो, "पुढं काय होईल?" नवं तंत्र शिकताना मला सगळ्यात जास्त वेळ हे थांबवायला शिकण्यात गेला. केबल जोडणं दोन दिवसांत आलं होतं.

आता ज्या एका गोष्टीने माझा निर्णय केला ती सांगतो. ती म्हणजे अंधार.

प्रोजेक्टर विकणारा तुम्हाला तो दुकानात, दिवे मालवून दाखवतो. आमच्या खोलीला पूर्वेला दोन आणि दक्षिणेला एक खिडकी. अकरा वाजल्यापासून भिंतीवरचं चित्र पाण्यात भिजल्यासारखं फिकट. आधी खिडक्या लावल्या, मग काचांना खाकी कागद चिकटवला. शेवटी एका पालकांनी जुन्या जाड चादरींचे पडदे शिवून दिले. चित्र दिसू लागलं, पण मुलं दिसेनाशी झाली. शिकवताना माझं निम्मं लक्ष मुलांच्या चेहऱ्यांवर असतं. कुणाच्या कपाळाला आठी पडली, कोण शेजारच्याकडे बघतोय, कोण ओठ हलवत मनातल्या मनात वाचतोय, यावरून पुढचं वाक्य ठरतं. अंधारात ते सगळं गेलं.

तेही मी चालवून घेतलं असतं. पण माझ्या खोलीत एक वर्ग नाही, दोन आहेत. बहुवर्ग अध्यापनात एका वर्गाला शिकवताना दुसऱ्याला स्वाध्याय द्यावा लागतो. चौथी प्रतापगड बघतेय, तेव्हा तिसरी हातच्याच्या बेरजा करत असते. खोली अंधारली की तिसरीच्या पोरांना वहीतला अंक दिसायचा नाही. ती वही उचलून दारापाशी, उंबऱ्याजवळ जाऊन बसायची. काही दिवस मीच त्यांना व्हरांड्यात पाठवलं. मग एक डोळा भिंतीवर, एक व्हरांड्यात. एकदा तिसरीतला एक मुलगा प्रोजेक्टरलाच टीव्ही समजून म्हणाला, "सर, आमचा पण टीव्ही असल तवा उजेड बंद करा." तो काही तक्रार करत नव्हता, पण माझ्या मनाला ते लागलं. एका वर्गाला नवं काही मिळावं म्हणून दुसऱ्याचा उजेड काढून घ्यायचा, हे मला पटेना. भरीला मार्च-एप्रिलमध्ये बंद खोलीतला उकाडा, त्यावर पत्रा तापलेला.

टीव्हीने हा प्रश्न एका दिवसात मिटवला. खिडक्या उघड्या, पंखा चालू, तिसरी आपल्या जागेवर. लिहायचं असेल तर चौथीही बघताबघता वहीत लिहिते. पूर्वी 'बघा' आणि 'लिहा' असे दोन तास व्हायचे, ते आता एकाच तासात होतं.

टीव्हीच्या अडचणीही आहेत. पहिली आकाराची. 43 इंचावर पाठ्यपुस्तकाचं अख्खं पान लावलं तर शेवटच्या पट्टीवरच्या मुलाला ते वाचता येत नाही. अर्धं पान मोठं करून लावलं की येतं. म्हणून बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ उतरवून घेतो आणि हव्या त्या पानांची अर्धी-अर्धी चित्रं करून पेन ड्राइव्हमध्ये ठेवतो. चित्रंच करावी लागतात, कारण पेन ड्राइव्हवरची पीडीएफ आमचा टीव्ही वाचत नाही. व्हिडिओ एमपी४ असला की अडत नाही. सुरुवातीला या तयारीत अख्खा रविवार जायचा, आता अर्ध्या तासात होते. रेंजचा भरवसा नसल्याने जे लागेल ते घरूनच उतरवून नेतो. गुगल अर्थवरून जावळीचं खोरं दाखवायचं होतं, तेव्हा घरी मोबाइलवर स्क्रीन रेकॉर्डिंग करून नेलं.

दुसरी अडचण पडद्यावरच्या चकाकीची. पहिल्यांदा टीव्ही खिडकीच्या समोरच्या भिंतीवर लावला आणि त्यात गडापेक्षा खिडकीच जास्त दिसायची. मग खिडकीच्याच भिंतीला, दोन खिडक्यांच्या मधे हलवला. भिंतीत भोकं पाडण्याआधी दोन दिवस टेबलावर ठेवून पाहिला असता तर बरं झालं असतं. तिसरी अडचण सुरक्षेची. प्रोजेक्टर पिशवीत घालून घरी नेता येतो, टीव्ही नेता येत नाही. आम्ही त्याभोवती कुलुपाचं लोखंडी कपाट करून घेतलं, त्याचा खर्च वेगळा धरा. आवाजाच्या बाबतीत दोघंही सारखेच कमी पडतात. पावसाळ्यात पत्र्यावर सरी कोसळायला लागल्या की वेगळ्या स्पीकरला पर्याय नाही.

विजेबद्दल एवढंच सांगतो. आमचा प्रोजेक्टर दिव्याचा होता. वीज गेली आणि लगेच आली, तरी दिवा थंड होऊन पुन्हा तापेपर्यंत पाच-सात मिनिटं जायची आणि मुलांचं लक्ष उडालेलं असायचं. टीव्ही अर्ध्या मिनिटात परत येतो. तो वीजही कमी खातो, त्यामुळे घरगुती इन्व्हर्टरवर बराच वेळ चालतो. शिवाय खडूच्या धुळीने प्रोजेक्टरची जाळी बुजते, मग तो तापून आपोआप बंद पडतो. महिन्यातून एकदा ती साफ करायचीच, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

काही जण इंटरॅक्टिव्ह पॅनलचं, म्हणजे फळ्यासारख्या मोठ्या टचस्क्रीनचं, विचारतात. एका मोठ्या शाळेत मी तो हाताळलाय, स्पर्शाने छान चालतो. कुणी देणगीत देत असेल तर जरूर घ्या. लोकवर्गणीतून 19 मुलांसाठी घ्यावा असं मात्र मला वाटत नाही. त्या पैशांत दोन्ही खोल्यांत टीव्ही बसतील.

तुमच्याकडे वर्गाला स्वतंत्र खोली असेल, पट 40 च्या पुढे असेल किंवा आश्रमशाळेसारखा सभागृहातच कार्यक्रम घ्यायचा असेल, तर प्रोजेक्टर घ्या. तिथे माझा टीव्ही अपुरा पडेल. पण एका खोलीत दोन-दोन वर्ग असतील, तर मी टीव्हीकडेच झुकेन आणि त्या मॅडमनाही हेच सांगितलं.

घेण्याआधी एक करून बघा. टीव्हीच्या मापाचा पुठ्ठा कापा, त्यावर पाठ्यपुस्तकातल्या चार ओळी ठळक अक्षरात लिहा आणि दुपारी बारा वाजता, खिडक्या उघड्या ठेवून, शेवटच्या पट्टीवरच्या मुलाला वाचायला लावा. त्याला अडखळायला झालं तर एक माप मोठं घ्या.

आमचा प्रोजेक्टर अजून कपाटात आहे. पालक सभा संध्याकाळी असते, तेव्हा तो बाहेर निघतो. बाहेरच्या भिंतीवर मुलांचे वर्षभराचे फोटो लावतो आणि अंगणात बसून सगळं गाव बघतं.