क्लासिक मिनीचं १२९३ सीसी रेस इंजिन, नऊ महिने पळवल्यानंतर

इंजिन पहिल्यांदा सुरू केलं त्याला आता नऊ महिने झाले, या काळात ते ट्रॅकवर आणि थोडं हिल क्लाइंबला (चढाच्या रस्त्यावरची शर्यत) मिळून साधारण ३० तास जोरात पळालंय, दोनदा हेड उघडून झालंय आणि एकदा पूर्ण इंजिन बाहेर काढून झालंय, म्हणून आता लिहितोय. नवीन बांधलेलं इंजिन पहिल्या आठवड्यात प्रत्येकालाच आवडतं, त्यातलं काय टिकलं ते नंतर कळतं.

बेस म्हणजे नंतरच्या काळातला १२७५ सीसीचा ए-प्लस ब्लॉक, म्हणजे मिनीच्या ए-सिरीज इंजिनची सुधारलेली आवृत्ती. ए-सिरीज इंजिन मुळात १९५१ ला ऑस्टिन ए३० मध्ये आलं ते फक्त ८०३ सीसीचं, १९५९ ला मिनी आली तेव्हा ८४८, आणि १९६४ च्या कूपर एस मध्ये तेच कुटुंब १२७५ पर्यंत गेलं. ब्लॉकची लांबी फारशी वाढली नाही, बोअर (सिलिंडरचे व्यास) मात्र वाढत गेले, त्यामुळे १२७५ मध्ये सिलिंडरांच्या मधे धातू अगदी कमी उरलाय, आणि हे मला पुढे चांगलंच समजलं. बरेच जण ६० थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) रिबोअर करून, म्हणजे सिलिंडर तेवढे रुंद करून, १३३० करतात. मी २० थाऊवर थांबलो, म्हणजे १२९३, एक तर १३०० च्या क्लासमध्ये बसतं आणि दुसरं म्हणजे पुढे पुन्हा बोअर करायला जागा राहते. या निर्णयाचा आजपर्यंत एकदाही पश्चात्ताप झाला नाही, ३७ सीसी जास्त असते तर लॅप टाइममध्ये काही विशेष दिसलं असतं असं मला वाटत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मोजण्यात गेला आणि तोच वेळ सगळ्यात जास्त वसूल झाला. मला कॉम्प्रेशन साडेदहाला एक हवं होतं. एका सिलिंडरचा स्वेप्ट व्हॉल्यूम ३२३ सीसी, त्याला साडेनऊने (साडेदहातून एक वजा) भागलं की ३४ सीसी, म्हणजे पिस्टन वर असताना हेडचा चेंबर, गॅस्केटची जाडी, पिस्टनचा खोलगट भाग आणि पिस्टन ब्लॉकच्या वरच्या पातळीच्या जेवढा खाली राहतो ती जागा, हे सगळं मिळून ३४ यायला पाहिजे. हेडवर ग्रीस लावून पारदर्शक प्लेट चिकटवायची, ब्युरेटने द्रव सोडायचा आणि बघायचं. माझ्या हेडचे चारही चेंबर कागदावर २१.४ सीसीचे, पण प्रत्यक्षात पहिल्या आणि चौथ्यात जवळजवळ एक सीसीचा फरक निघाला. पिस्टन ०.१ मिमी खाली असला की या बोअरला ०.४ सीसी वाढतात, त्यामुळे अंदाजपंचे हेड घासून आणलं असतं तर चार सिलिंडर चार वेगवेगळ्या कॉम्प्रेशनवर चालले असते आणि इग्निशन सगळ्यात वाईट सिलिंडरच्या हिशेबाने मागे ठेवावं लागलं असतं.

इथेच एक सांगतो, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) ग्राइंड आणि बॅलन्स होऊन आला तेव्हा वरून आरशासारखा चकचकीत होता, पण ऑइलच्या छिद्रांत ब्रश घातला तर काळा कीस बाहेर आला. कुठल्या वर्कशॉपचं काम ते महत्त्वाचं नाही, पण तो तसाच बसवला असता तर पहिल्या दहा मिनिटांत बेअरिंग गेले असते. धुऊन आलाय असं कोणी कितीही सांगू दे, आपण परत धुवायचाच.

आता हेड आणि कॅम (व्हॉल्व उघडणारा दांडा). ए-सिरीज समजून घ्यायची तर तिचे पोर्ट समजून घ्यावे लागतात. चार सिलिंडरांना इनटेकचे पोर्ट दोनच आणि एक्झॉस्टचे तीन. १ आणि २ एका पोर्टमधून श्वास घेतात, ३ आणि ४ दुसऱ्यातून. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, म्हणजे २ नंबरने हवा ओढली की लगेच १ नंबर ओढतो, २ चा व्हॉल्व अजून पूर्ण बंद व्हायचा असतो तोवर १ चा उघडायला लागलेला असतो, आणि मग क्रँकचा जवळजवळ एक फेरा त्या पोर्टमध्ये फारशी हालचाल नाही. तिकडे ३ आणि ४ चं तसंच. त्यामुळे आतले दोन सिलिंडर थांबलेल्या हवेला गती देतात आणि बाहेरच्या दोघांना पळती हवा आयती मिळते. जेवढा लांब ड्युरेशनचा (व्हॉल्व जास्त वेळ उघडा ठेवणारा) कॅम टाकाल तेवढी ही ओढाताण वाढते. याच कारणाने काही रेस कॅममध्ये आतल्या आणि बाहेरच्या सिलिंडरांचं टायमिंग मुद्दाम वेगळं ठेवलेलं असतं.

मी केंटचा २८६ घेतला, याहून गरम, म्हणजे अजून लांब ड्युरेशनचा कॅम घ्यायचा मोह खूप झाला होता. डुप्लेक्स चेन आणि व्हर्नियर गिअर लावून टायमिंग डिस्क आणि डायल गेजने सेट केला. नुसत्या खुणा जुळवून बसवला तेव्हा कॅमसोबतच्या कार्डवरच्या आकड्यापेक्षा क्रँकवर पाच डिग्री मागे होता, आणि पाच डिग्री म्हणजे खालची ताकद गेलीच समजा. नंतर रनिंग-इन. हे चपट्या टॅपेटचं (कॅमवर घासत व्हॉल्व ढकलणारा तुकडा म्हणजे टॅपेट) इंजिन आहे, त्यामुळे कॅमच्या लोबवर (उंचवट्यांवर) मॉली पेस्ट, झिंक जास्त असलेलं ऑइल, आणि सुरू झाल्या झाल्या २००० ते २५०० आरपीएमवर २० मिनिटं, आयडलवर अजिबात सोडायचं नाही. माझ्याकडे पाचव्या मिनिटाला एक होज गळायला लागला, बंद करून तो घट्ट केला आणि परत सुरू केल्यावर थेट २००० वरच नेलं. नऊ महिन्यांनी टॅपेट काढून बघितले, खालचा भाग एकसारखा घासलाय, खड्डा नाही.

कार्ब्युरेटर. सुरुवातीला वेबर ४५ लावला होता, आवाज असा की अंगावर काटा येतो, आणि वरच्या आरपीएमला चांगलाच खेचतो. पण माझ्या कॅमवर ३००० च्या खाली कोपऱ्यातून बाहेर पडताना तो अडखळायचा, जेट, इमल्शन ट्यूब, पंप जेट सगळं बदलून तीन महिने गेले. शेवटी दीड इंची दोन एसयू कार्ब्युरेटर लावले आणि आता तेच आहेत. एसयूमध्ये एकच जेट आणि एकच सुई, पिस्टन हवेप्रमाणे वर जातो आणि सुईची जाडी मिक्स्चर ठरवते. सुईवर साधारण ३.२ मिमी अंतरावर स्टेशन असतात, ६००० च्या पुढे लीन व्हायला लागलं तर खालच्या बारीक टोकाकडची दोन-तीन स्टेशनं बारीक एमरी पेपरने किंचित उतरवायची, खूपच किंचित, कारण उतरवलेलं परत चढवता येत नाही. लाल स्प्रिंग काढून पिवळी टाकली, ती कडक असल्यामुळे पिस्टन जरा उशिरा उचलतो आणि थ्रॉटल एकदम उघडला की होणारी उचकी गेली. डायनोवर (पॉवर मोजायच्या यंत्रावर) वेबरपेक्षा ४ हॉर्सपॉवर कमी दाखवले, चाकांवर ८१. लॅप टाइम मात्र सुधारला.

मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ३५०० ते ६५०० मधली ओढ. या इंजिनचा स्ट्रोक ८१.२८ मिमी आणि बोअर ७१ च्या आसपास, म्हणजे लांब स्ट्रोकचं इंजिन, ७००० ला पिस्टनची सरासरी गती सेकंदाला १९ मीटर होते. क्रँकला मेन बेअरिंग फक्त तीन. मी मधल्या मेन कॅपवर स्टीलचा स्ट्रॅप लावलाय, फ्लायव्हील स्टीलचं आहे (जुनं कास्ट आयर्नचं या आरपीएमला अजिबात वापरू नका, फुटलं तर तुकडे पायाशी येतात), तरी ७००० ला कटऑफ ठेवलाय. त्याच्या पुढे जाऊन मिळवण्यासारखं काही उरत नाही.

सहाव्या महिन्यात गॅस्केट गेलं. पाणी कमी झालं नाही, तापमान वाढलं नाही, फक्त आवाज जरा फाटल्यासारखा आणि खाली ताकद नाही. कॉम्प्रेशन बघितलं तर १ आणि ४ ला १८५ पीएसआय, २ आणि ३ ला १०५. दोन शेजारचे एकदम पडले म्हणजे मधल्या पट्टीवर गॅस्केट जळालंय. एक्झॉस्टचा मधला पोर्ट २ आणि ३ चा सामाईक असल्यामुळे हेड तिथेच सगळ्यात तापतं आणि नेमका तिथेच धातू कमी. चूक माझीच, पहिल्या गरम-थंड चक्रानंतर हेड परत टॉर्क केलं नव्हतं, म्हणजे त्याचे नट ठरलेल्या जोराने पुन्हा आवळले नव्हते. आता ११ स्टडचं करून घेतलंय, ब्लॉकचा पृष्ठभाग परत सपाट केलाय आणि प्रत्येक वेळी गॅस्केट बदलल्यावर दोनदा रीटॉर्क करतो.

ऑइलबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण नवीन बांधणारे सगळे हेडच्या मागे लागतात आणि याच्याकडे बघत नाहीत. मिनीचा गिअरबॉक्स इंजिनच्या खाली, संपमध्ये (ऑइल साठतं तिथे), आणि दोघांना ऑइल एकच. गिअरचा कीस, डिफरन्शियलचा कीस, सगळं त्याच ऑइलमधून फिरतं आणि गिअरचे दात ऑइलचा दाटपणा तोडतात तो वेगळाच. २०-५० टाकलेलं ऑइल दोन दिवसांच्या इव्हेंटनंतर हाताला पातळ लागतं. मी प्रत्येक इव्हेंटनंतर ऑइल आणि फिल्टर बदलतो आणि ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवरचं पांढऱ्या कागदावर पुसून ठेवतो. करडी पेस्ट असेल तर ठीक. सातव्या महिन्यात त्यात चमकणारे पातळ पापुद्रे दिसले, मॅग्नेटला न चिकटणारे, पेस्टमध्ये अडकलेले. इंजिन बाहेर काढलं तर आयडलर गिअरचा (इंजिनकडून गिअरबॉक्सकडे ताकद नेणाऱ्या मधल्या गिअरचा) थ्रस्ट वॉशर झिजलेला, एंडफ्लोट (बाजूची ढिलाई) ०.३ मिमीच्या वर गेलेला, तो ०.१० ते ०.१८ मध्ये पाहिजे. कागद ठेवले नसते तर पुढच्याच रेसला ट्रान्सफर केस फुटली असती.

शिवाय लांब वळणात ऑइल एका बाजूला जातं आणि पिकअप (पंपासाठी ऑइल ओढणारी नळी) उघडा पडतो. माझ्या ऑइल प्रेशर गेजची सुई ६० वरून ३० ला यायची आणि ती पडते नेमकी इंजिनवर सगळ्यात जास्त लोड असताना. पिकअपची नळी मधोमध आणल्यावर आता ५० च्या खाली येत नाही. हे काम सगळ्यात आधी करायला हवं होतं.

इग्निशनला फार काही नाही, व्हॅक्यूम अॅडव्हान्स काढून टाकलाय, पूर्ण अॅडव्हान्स (पिस्टन वर पोचायच्या किती आधी ठिणगी पडते ते) ३० डिग्री, एनजीकेचे एक नंबर थंड प्लग. ३२ ला पॉवर वाढली नाही, म्हणून परत ३० ला आणला.

आता सीझन संपलाय आणि इंजिन स्टँडवर आहे. कॅम तोच ठेवणार, कार्ब्युरेटर तेच. ड्रॉप गिअर (इंजिनकडून खालच्या गिअरबॉक्सला जोडणारे, ज्यात आयडलर असतो) सरळ दातांचे टाकायचेत, आवाज वाढेल पण वॉशरवरचा बाजूचा रेटा जाईल. बेअरिंग काढून बघितले, मधल्या मेनवर थोडी तांब्याची झाक दिसते, बाकीचे दोन स्वच्छ. तिन्ही बदलतोय आणि मधल्याचं क्लिअरन्स या वेळी दोनदा मोजणार आहे.