नव्या कव्हरिंगखालचा तुटका पंख

"एकदाही पडलेलं नाही. इंधन भरा आणि उडवा." विकणाऱ्याच्या या ओळीवर विश्वास ठेवून मी एक जुनं रेडिओ कंट्रोल विमान घेतलं आणि सहाव्या उड्डाणात त्याचा पंख हवेतच दुमडला. खाली कोणी नव्हतं, म्हणून नुकसान पैशांवर निभावलं. जुनं मॉडेल घ्यायच्या विचारात असलेल्यांनी हे वाचावं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

विमान ४० आकाराचं (०.४० घनइंच इंजिनाचं) ट्रेनर, म्हणजे शिकाऊंसाठीचं विमान होतं. पंख वर, रबर बँडांनी बांधायचा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण दीड मीटर, नाकात ६.५ सीसीचं ग्लो इंजिन, म्हणजे तापलेल्या तारेच्या प्लगवर चालणारं छोटं इंजिन. लहानपणी मैदानाच्या कडेला उभा राहून मी हेच मॉडेल उडताना बघत असे. त्यामुळे फोटो आले तेव्हा तपासणी राहिली बाजूला, मी नुसता हरखून गेलो. लाल-पांढरं कव्हरिंग, म्हणजे सांगाड्यावर इस्त्रीने चिकटवलेली प्लास्टिकची फिल्म, नवंकोरं, कुठे सुरकुती नाही. सोबत उडतानाचा व्हिडिओही होता. वजन किती विचारलं, तर काटा नाही म्हणाला. पंखाच्या मधल्या जोडाचा जवळून फोटो मागितला, तर पुन्हा लांबूनच काढलेले फोटो आले. मग "आणखी दोघं मागे लागलेत" अशी घाई सुरू झाली आणि मी पूर्ण रक्कम आधीच पाठवून दिली.

विमान हाती आल्यावर पहिली शंका बॅटरीने आणली. रिसिव्हरची, म्हणजे विमानातल्या रेडिओ संदेश घेणाऱ्या डबीची निकेल-कॅडमियम बॅटरी, चार सेल, ४.८ व्होल्ट, वर चकचकीत नवं वेष्टन आणि ६०० एमएएचचं लेबल. मीटर लावला तर व्होल्टेज व्यवस्थित. पण चार्जरवर लोड देऊन डिस्चार्ज केली तेव्हा जेमतेम १७० भरली. वेष्टन कापलं, आत सेल जुनेच, कडांना पांढरी भुकटी आलेले. काळी वायर सोलली तर तांबं पार काळं पडलेलं, त्याला सोल्डरचा डाग बसेना. अशी बॅटरी जमिनीवर सर्वो, म्हणजे विमानाच्या पट्ट्या वळवणाऱ्या छोट्या मोटरी, हलवून दाखवते आणि हवेत दोन सर्वो एकदम ताणले की रिसिव्हर बंद पाडते. मी बॅटरी फेकली, सर्वो आणि रिसिव्हर २.४ गिगाहर्ट्झचे नवे घातले, इंधनाच्या कडक झालेल्या नळ्या बदलल्या, इंधनातलं एरंडेल जळून चिकटलेलं इंजिन खोलून साफ केलं. बॅटरीत फसवलं ते फसवलं, बाकी विमान चांगलं असेल, अशी स्वतःची समजूत घातली. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. बॅटरीवर नवं वेष्टन चढवणारा माणूस पंखावरही चढवणारच.

दोन खुणा तर अगदी डोळ्यांसमोर होत्या. या आकाराचं ट्रेनर इंधनाशिवाय साधारण सव्वादोन ते अडीच किलो भरतं. हे २.९ भरलं. आणि शेपटीत स्टॅबिलायझरखाली (शेपटीच्या आडव्या पंखाखाली) शिशाचा तुकडा चिकटवलेला होता. ट्रेनरला समतोलासाठी शिसं लागलंच तर बहुतेक वेळा नाकात लागतं. शेपटीत शिसं, म्हणजे नाकात कुणीतरी वजन वाढवलंय. मी ते जुन्या मालकाची आवड समजून सोडून दिलं.

पहिली पाच उड्डाणं शांत झाली. सहाव्यात एक साधा लूप, म्हणजे हवेत उभी गोल फेरी घेतली. लूपच्या तळाशी विमान वर खेचताना पंखावर वजनाच्या कितीतरी पट भार येतो, चार पट धरला तरी ते ११ किलोच्या वर जातं. काठी मोडल्यासारखा आवाज आला, दोन्ही पंख टाळी वाजवल्यासारखे वर मिटले आणि विमान सरळ खाली आलं.

अवशेष घरी आणून टेबलावर मांडले. मधल्या भागात स्पारचे, म्हणजे पंखाचा भार पेलणाऱ्या लांब काठीचे, दोन तुकडे नुसते टोकाला टोक लावून पिवळ्या इपॉक्सीने जोडले होते. दोन्ही पंख मधोमध बांधून ठेवणारी प्लायवुडची पट्टी काढून टाकलेली, तिच्या जागी फिलर. तुटलेल्या बाल्साची (मॉडेलांत वापरतात त्या हलक्या लाकडाची) कड ताजी असती तर पांढुरकी दिसली असती. इथली निम्मी कड तपकिरी होती, इंधनाचं तेल आतवर मुरलेली. तो तडा माझ्या हाताखाली गेलेला नव्हता. नाकात फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन बसवतात त्या फळीच्या मागे इपॉक्सी आणि फायबरग्लासचा जाड थर होता, म्हणजे विमान कधीतरी नाकावर आपटलं होतं. शेपटीतल्या शिशाचं कारण हेच.

मी फोटो पाठवले. उत्तर आलं, "तुम्ही जोरात खेचलंत." मग मी त्याचा व्हिडिओ सावकाश, थांबवत थांबवत पाहिला. त्यातल्या विमानाच्या पंखाखाली निळे पट्टे होते. माझ्याकडच्या पंखाखाली सगळं पांढरं. व्हिडिओ अपघाताच्या आधीचा होता. हे कळवल्यावर त्याने उत्तर देणं बंद केलं, पैसे आजवर मिळाले नाहीत.

म्हणून सांगतो, जुन्या मॉडेलचं नवं कव्हरिंग पाहून भुलू नका. जुनं, डागाळलेलं कव्हरिंग बरं, निदान त्यातून खरं काय ते दिसतं. व्हिडिओतले पट्टे आणि फोटोतले पट्टे जुळवून बघा. वजन आधी मागा, काटा नाही म्हणाला तर व्यवहार सोडा. प्रत्यक्ष बघायला मिळालं तर पंखाची टोकं दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवा आणि मधून कुरकुर येते का ऐका. अंधाऱ्या खोलीत पंखामागे जोराचा दिवा धरा, फिकट रंगाखाली फिलर आणि जास्तीचा गोंद काळपट डागासारखा दिसतो. गडद रंगाखाली काहीच दिसत नाही. तिथे विकणाऱ्याला मधली पट्टीभर फिल्म सोलू द्यायला सांगा. नवी फिल्म पुन्हा इस्त्रीने चिकटवता येते, त्यात त्याचं काही जात नाही.

इंजिन वाचलं, शेपूटही. पंख मी नव्याने बांधायला घेतलाय, स्प्रूसचे स्पार आणि मधे पूर्ण उंचीची प्लायवुडची पट्टी. बाकी पंख लाल-पांढराच असेल, पण मधल्या भागावर पारदर्शक फिल्म लावणार आहे. पुढेमागे हे विमान कुणाला दिलं, तर जोड त्याला उघड्या डोळ्यांनी दिसेल.