४,३८३ तुकड्यांचं नोत्र दाम, वेदीपासून कळसापर्यंत

मी पॅटर्न मेकर, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात तो नमुना घडवणारा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात चौतीस वर्षं फौंड्रीवाल्यांना पॅटर्न करून दिले, आधी सागवानी, नंतर अ‍ॅल्युमिनियमचे. त्यामुळे पुतण्यानं लेगोचा, म्हणजे जोडायच्या प्लास्टिक विटांचा, पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचा सेट आणून दिला तेव्हा मी खोका उघडून पहिल्यांदा एक वीट काढली आणि तिला व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला. उंची ९.६ मिलिमीटर. आणखी दहा मोजल्या, सगळ्या ९.६. चपटा तुकडा ३.२, म्हणजे तीन चपटे एकावर एक ठेवले की बरोबर एक वीट. असं माप हजारो नगांत राखणं म्हणजे काय, हे डाय करणाऱ्याला विचारा. ही कंपनी १९३२ मध्ये सुरू करणारा ओले कर्क क्रिस्तियान्सेन डेन्मार्कमधल्या बिलुंडचा सुतार होता, हे नंतर वाचलं आणि फार बरं वाटलं.

सेट २०२४ चा, तुकडे ४,३८३. रोज उपासना आणि जेवण उरकून दोन तास बसायचो, एकवीस संध्याकाळी लागल्या. पण मला सांगायचंय ते जोडण्याच्या क्रमाबद्दल. चर्च जसं उभं राहिलं त्याच क्रमानं हा सेट उभा राहतो. पॅरिसमध्ये ११६३ मध्ये पाया घातला तो वेदीच्या बाजूनं, आणि ११८२ मध्ये मुख्य वेदीचं समर्पण झालं तेव्हा दर्शनी मनोरे व्हायचेच होते. आधी प्रार्थनेची जागा, मग मंडळी बसायचा भाग, मग मनोरे. सूचनांच्या पुस्तकाची पानं उलटताना हे आपोआप हाताला कळतं. मी आयुष्यभर चर्चमध्ये दारातून आत गेलो, इथं पहिल्यांदा वेदीकडून दाराकडं आलो.

बाहेरच्या तिरक्या टेकू-कमानी करताना एक संध्याकाळ मी थांबलोच. आपल्या खिद्रापूरच्या कोपेश्वराचा स्वर्गमंडप आठवा: ४८ खांब, दगडावर दगड पुढं सरकवत नेलेला, भार सरळ खाली. तिथं टेकू लागत नाही. नोत्र दामचं छत कमानीचं, ते भिंतींना बाहेर ढकलतं. साच्यात वितळलेल्या धातूचा रस ओतला की तो वरची पेटी उचलू बघतो आणि आपण वर वजनं ठेवतो, क्लॅम्प मारतो, तसेच हे टेकू बाहेरून भिंत दाबून धरतात. म्हणून भिंत पातळ ठेवता येते आणि तिच्यात एवढ्या मोठ्या खिडक्या बसतात. मॉडेलमध्ये टेकूंचं काम तेच ते पुन्हा पुन्हा करावं लागतं. कुणाला कंटाळा येईल. मला नाही आला, कोअर बॉक्स (ओतीव वस्तूच्या आतल्या पोकळीसाठीची पेटी) करणाऱ्याला तशी सवय असते.

कळस सगळ्यात शेवटी येतो, आणि ते बरोबरच आहे, कारण तो १८५९ चा, व्हिओले-ल-द्युक या वास्तुकारानं उभारलेला. त्याच्याभोवती बारा प्रेषित आणि चार शुभवर्तमानकार, असे सोळा तांब्याचे पुतळे. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत कळस कोसळला, पण पुतळे दुरुस्तीसाठी चारच दिवस आधी खाली उतरवले होते, म्हणून वाचले. त्यातले बाकीचे शहराकडं बघतात, एकटा थोमा वळून कळसाकडं बघतो. त्याला चेहरा वास्तुकारानं स्वतःचा दिलाय आणि हातात मोजपट्टी. संशय घेणारा म्हणून थोमाला आपण बोल लावतो. मोजून बघणारा म्हणून तो मला जवळचा वाटतो. सेटमधले पुतळे नखाएवढेच आहेत, तरी ते बसवताना मी चष्मा पुसून घेतला.

सावध करायचंय ते नकलेबद्दल. आधी एका दुकानातून मी स्वस्तातला, नाव नसलेला ‘चर्च’ सेट घेतला होता. विटा बसायच्या, पण धरायच्या नाहीत. काही इतक्या घट्ट की सुटेनात, काही फुंकरीनं हलायच्या. मोजल्या तर एकीत नि दुसरीत ०.१५ मिलिमीटरचा फरक. दहा थरांनंतर मनोरा झुकला. दुकानदारानं परत घेतला नाही. पैसे साठवा, थोडं थांबा, पण अचूक मापाचाच घ्या.

पूर्ण मॉडेल ४१ सेंटिमीटर लांब, ३३ उंच. छत उचलता येतं, आतले खांब आणि वेदी दिसतात. नाताळात मी ते संडे स्कूलच्या खोलीत ठेवलं होतं, मुलांनी सुट्या विटांतून केलेल्या गव्हाणीशेजारी. त्यांच्या गव्हाणीत मेंढरू हिरवं होतं आणि बाळ येशू एका पिवळ्या विटेवर निजला होता. एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, देवाचं घर खेळण्यातून करावं का? मी छत उचलून त्यांना आत बघायला दिलं. ते बराच वेळ वाकून बघत होते.

१८५२ मध्ये वायल्डरसाहेब मिशनरी म्हणून कोल्हापुरात आले, इतकी जुनी इथली मंडळी. पण आमच्या स्वतःच्या चर्चचं मॉडेल माझ्या तरी पाहण्यात नाही. टेप घेऊन भिंती, खिडक्या, घंटेचा मनोरा मोजून झालाय, कागदावर थर मांडलेत. भिंती काळ्या दगडाच्या आहेत. कुणाकडं गडद करड्या सुट्या विटा पडून असतील, आखूड-लांब कशाही, तर कळवा. मी येऊन घेऊन जाईन.