दोरीपाशी अडकलेली डिस्क

आठ महिन्यांपूर्वी 'नॉकअबाउट'ची डीव्हीडी मागवली. ७०० रुपये, वर कुरिअर वेगळं. गेल्या रविवारी ती नेमकी दोरीच्या सीनला अडकली. नायक युएन बियाओ हवेत, दोरी पायाखाली आणि पडद्यावर नुसते चौकोन. मऊ फडक्याने पुसून पाहिली, उपयोग शून्य. विक्रेता म्हणतो, तुमचा प्लेअर जुना आहे. अहो, बाकीच्या सगळ्या डिस्क याच प्लेअरवर लोण्यासारख्या चालतात! हे तीनदा कळवलं.

सिनेमा १९७९चा, हाँगकाँगचा, दिग्दर्शक सॅमो हंग. आदल्याच वर्षी जॅकी चॅनचा 'ड्रंकन मास्टर' आला, त्यामुळे आपल्याकडे कुंग फू कॉमेडी म्हटली की तोच आठवतो. हा कुणाच्या यादीत नसतो.

खरं सांगतो, पहिल्यांदा पाहिला तेव्हा ७०० रुपये पाण्यात गेले असंच वाटलं. दोन भुरटे भाऊ लोकांना गंडवत फिरतात, एका म्हाताऱ्याच्या हातचा मार खातात आणि त्यालाच गुरू करतात. विनोद म्हणजे बराचसा तोंडं वेडीवाकडी करणं. तिसऱ्या खेपेला मत फिरलं. (पाहिला नसेल तर हा परिच्छेद सोडा.) तो गुरूच खुनी निघतो, थोरला भाऊ जातो, आणि तोवर हसण्यावारी नेलेलं सगळं एकदम जड होतं. मग धाकटा, म्हणजे युएन बियाओ, एका लठ्ठ भिकाऱ्याकडे शिकायला जातो. भिकारी म्हणजे स्वतः सॅमो.

तिथेच ती दोरी. शाळेच्या पटांगणातली साधी दोरीवरची उडी, पण हा गडी दोरी फिरवता फिरवता कोलांट्या मारतो. कॅमेरा मागे थांबतो, पाय आणि चेहरा एकाच चौकटीत, त्यामुळे लबाडीला जागाच नाही. सॅमो, जॅकी आणि हा, तिघेही यु जिम-युएन यांच्या पेकिंग ऑपेरा (गाणं, अभिनय आणि कसरतींचं चिनी नाटक) शाळेतले. त्यात हा सगळ्यात धाकटा, आणि नायक म्हणून हा त्याचा पहिलाच सिनेमा. शेवटची माकडाच्या ढंगातली मारामारी भारी आहेच, पण मी आठ महिन्यांत दोरीच जास्त वेळा पाहिली. डिस्क तिथेच झिजली असेल, असं बायकोचं मत. डिस्क अशी झिजत नाही, हे तिलाही सांगून झालं.

पाचपैकी सिनेमाला साडेचार, डिस्कला एक. विक्रेत्याने शेवटी ५० रुपयांचं कूपन पाठवलं, तेही हजाराच्या वरच्या खरेदीवर.