प्रत्येक यंत्राला स्टॅबिलायझर, की मेन बोर्डातच बंदोबस्त?

पुण्यात लाइट जाण्यापेक्षा लाइट परत येण्याची भीती जास्त वाटते. गुरुवारी देखभालीसाठी पुरवठा बंद असतो, एप्रिल-मेमध्ये वळवाच्या पावसात तारांवर फांद्या पडतात आणि एरवी रस्त्याच्या खोदाईत केबल तुटते. मग लाइट येते, काही सेकंदांत जाते, पुन्हा येते. माझ्या ओळखीत ज्यांच्या घरातली यंत्रं जळली, त्यातली बरीचशी या येण्या-जाण्यातच जळली.

नवा फ्लॅट घेतलेले किंवा वायरिंग बदलायला काढलेले लोक हल्ली एकच प्रश्न विचारतात. फ्रिज, टीव्ही, एसी यांना वेगवेगळे स्टॅबिलायझर आणि स्पाइक गार्ड लावायचे, की मेन बोर्डात एसपीडी (विजेचा झटका जमिनीत ढकलणारं उपकरण) आणि व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून सगळ्या घराची एकदाच सोय करायची? मी दोन्ही वापरलं आहे. आधी पहिलं, आता दुसरं.

दुकानात या चारही वस्तू एकाच कामाच्या असल्यासारख्या विकल्या जातात, पण प्रत्येकीचं काम वेगळं आहे. स्टॅबिलायझर व्होल्टेज सावरतो. 180 आलं तर ते वर ओढून 220 च्या आसपास नेतो. आकाशातली वीज किंवा लाइनवरचं स्विचिंग यांचा झटका मात्र मायक्रोसेकंदांत येऊन जातो, तोवर स्टॅबिलायझरमधला रिले हललेलाही नसतो. तो झटका स्पाइक गार्डमधली एमओव्हीची, म्हणजे जादा व्होल्टेज आलं की ते शोषणारी, चकती अंगावर घेते. प्रत्येक झटक्यागणिक ती थोडी झिजते, आणि साध्या स्पाइक गार्डांत ती पूर्ण संपली तरी गार्ड चालूच राहतो, दिवाही लागलेला असतो. आपल्याला वाटतं संरक्षण आहे.

मेन बोर्डातल्या एसपीडीतही बहुतेक तीच एमओव्ही असते, फक्त कितीतरी मोठी. शिवाय एसपीडीवर एक छोटी खिडकी असते. हिरवी दिसली तर ठीक, लाल झाली तर कार्ट्रिज बदलायचं. एवढी एक खिडकी मला फार मोलाची वाटते. आणि दुसरं, सीलिंग फॅनला प्लग नसतो. आता कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे आले, त्यांच्या आत सर्किट आहे. एलईडी दिव्यांत ड्रायव्हर आहे. यांना स्पाइक गार्ड कुठे लावणार? मेन बोर्डातून जाणारा बंदोबस्त यांनाही मिळतो.

पण एसपीडी लावला म्हणजे झालं, असंही नाही. आमच्या शेजारच्या इमारतीत एकदा मीटर रूममधला न्यूट्रल, म्हणजे करंटच्या परतीची वायर, सुटला. तीन फेजवर वाटलेल्या घरांचा न्यूट्रल सुटला, की कुठे व्होल्टेज शंभराच्या खाली जातं, तर कुठे चारशेच्या दिशेनं चढतं. काही घरांत दिवे मंद झाले, काहींत डोळे दिपतील इतके पेटले. हे मायक्रोसेकंदांचं प्रकरण नसतं, कुणी मेन बंद करेपर्यंत ते चालूच राहतं. अशा वेळी एकटा एसपीडी तापून स्वतःच निकामी होतो. एका घरात फ्रिज वाचला, कारण त्याच्या स्टॅबिलायझरला हाय कट-ऑफ होता, म्हणजे व्होल्टेज फार चढलं की तो फ्रिज तोडायचा. त्याच घरात वॉटर प्युरिफायर, सेट टॉप बॉक्स आणि दोन पंखे गेले. म्हणून एसपीडीसोबत व्होल्टेज प्रोटेक्टर हवाच. व्होल्टेज ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेलं की तो सगळं घर तोडतो, आणि परत ठीक झालं की थांबून, वेळ मोजून जोडतो.

माझा निर्णय झाला तो या थांबण्यामुळे.

आमच्याकडे लाइट गेली की आईचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "आधी फ्रिज बंद करा." मग टीव्हीचा प्लग, एसीचा स्विच, अर्ध्यावर थांबलेलं वॉशिंग मशीन. लाइट आली की लगेच काही लावायचं नाही, "जरा थांबा, अजून स्थिर नाही." स्टॅबिलायझर असूनही हे चालायचं. एकाचा डिले, म्हणजे लाइट आल्यावर थांबण्याचा वेळ, तीन मिनिटांचा, दुसऱ्याचा काही सेकंदांचा, तिसऱ्याला डिले आहे की नाही हेच कुणाला आठवत नसे. कोणाचा कशावर भरवसा नव्हता. यात आईची काळजी रास्त होती. जुन्या पद्धतीच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद पडल्यावर आतला दाब समपातळीला यायला काही मिनिटं लागतात. त्याआधी सुरू करायला गेलं तर मोटर अडकते आणि तापते.

पण गुरुवारी आम्ही सगळे कामावर, घरी आई एकटी. फ्रिजचा स्विच फ्रिजच्या मागे, ओट्याच्या कडेला हात टेकून वाकल्याशिवाय तो हाताला लागत नाही. सत्तरीच्या पुढच्या माणसानं लाइट गेली म्हणून एकदा आणि आली म्हणून एकदा तिथे वाकायचं, हे मला सहन होईना. बाकी सगळे मुद्दे तोलून-मापून बघता येतात. या एका मुद्द्यापुढे मला तोलायला काही उरलं नाही.

आता मेन बोर्डातल्या छोट्या डिस्प्लेवर आकडा दिसतो. लाइट आली की तो उलटे सेकंद मोजत बसतो. मध्येच पुन्हा गेली तर मोजणी पहिल्यापासून. मोजून झालं की खट्ट असा एकच आवाज, आणि घर जोडलं जातं. आई आता जागची उठत नाही. तिथूनच सांगते, "दोनशे चौतीस आलंय."

याचा तोटा उघड आहे. फ्रिजसाठी तीन मिनिटं थांबायचं म्हणजे दिवे-पंखेही तीन मिनिटं थांबतात, आणि मे महिन्यात ती लांब वाटतात. घरी इन्व्हर्टर असेल तर प्रोटेक्टर त्याच्या आधी बसवून घ्या. प्रोटेक्टरनं घर तोडलं की इन्व्हर्टरला लाइट गेल्यासारखंच दिसतं आणि बॅटरीवरचे दिवे-पंखे चालू राहतात. मर्यादाही फार आवळू नका. 190 ते 250 असं ठेवलं तर संध्याकाळी व्होल्टेज थोडं उतरलं तरी घर अंधारात जाईल. माझ्याकडे 170 आणि 270 आहे, त्यावर चाललंय. तुमच्या भागातलं व्होल्टेज संध्याकाळी किती उतरतं ते काही दिवस बघून मग ठरवणं बरं. घरात तीन फेज असतील तर प्रोटेक्टर आणि एसपीडी दोन्ही तीन फेजचेच लागतील.

खर्चाचं म्हणाल तर मला एसपीडी, प्रोटेक्टर आणि मजुरी धरून जे बिल आलं, ते दोन एसी, फ्रिज आणि टीव्ही यांच्या चांगल्या स्टॅबिलायझरपेक्षा कमीच होतं. तुमच्या डीबीत, म्हणजे मेन बोर्डात, जागा नसेल तर वेगळा बॉक्स लागेल आणि हा हिशोब थोडा बदलेल.

अर्थिंगकडे मात्र डोळेझाक करू नका. एसपीडीनं झटका ढकलायचा तो जमिनीत, आणि पुण्याची जमीन म्हणजे वर थोडी माती किंवा मुरूम आणि खाली काळा खडक. खडकातून करंट सहज जात नाही. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की आणखी कमी. इलेक्ट्रिशियन फेज आणि अर्थ यांच्यात मीटर लावून 230 दाखवेल. तेवढ्यानं समाधान मानू नका, कारण खराब अर्थिंगवरही मीटर तेवढंच दाखवतो. अर्थ टेस्टरनं रोध मोजून मागा, आणि सोसायटीच्या खड्ड्यांत उन्हाळाभर पाणी पडेल याची व्यवस्था लावा. एसपीडीच्या जोडणीच्या वायरी आखूड हव्यात, सगळ्या मिळून अर्ध्या मीटरच्या आत. डीबीत छान वळणं देऊन ठेवलेली लांब वायर दिसायला नीटनेटकी असते, पण झटक्याच्या वेळी त्या लांबीवरच व्होल्टेज चढतं आणि ते घरात जातं.

इंटरनेटची तांब्याची वायर गच्चीवरून गच्चीवर ओढलेली असेल तर त्या वाटेनं येणारा झटका मेन बोर्डातून जातच नाही. विजा कडाडायला लागल्या की राउटरची ती वायर आम्ही अजूनही काढून ठेवतो. फायबर असेल तर ही काळजी नाही.

भाड्याच्या घरात डीबी उघडायला मालक राजी नसेल तर प्रश्नच मिटला. चांगला स्पाइक गार्ड घ्या, संरक्षण संपल्याचं दाखवणारा वेगळा दिवा असलेला, आणि फ्रिजला डिले असलेला स्टॅबिलायझर. शहराच्या कडेला, लांब ओढलेल्या लाइनच्या टोकाला राहत असाल आणि रोज संध्याकाळी व्होल्टेज दीडशे-एकशेसाठवर येत असेल तरीही स्टॅबिलायझरच हवा. तिथे प्रोटेक्टर फक्त घर तोडत बसेल, व्होल्टेज वाढवणं त्याच्या हातात नाही. नव्या इन्व्हर्टर एसी-फ्रिजपैकी बरेच मोठ्या पट्ट्यात चालतात, तेव्हा स्टॅबिलायझर घेण्याआधी यंत्राच्या माहितीपत्रकातला व्होल्टेजचा आकडा जरूर बघा. बाकी पुण्यातल्या बहुतेक घरांत व्होल्टेज रोज एवढं पडत नाही, असा माझा अनुभव आहे.

तपकीर गल्लीत, पुण्यातल्या इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारात, घ्यायला गेलात तर टाइप 2 चा (घराच्या मेन बोर्डात बसणारा), कार्ट्रिज निघणारा आणि 320 व्होल्ट सतत सोसणारा एसपीडी मागा. 275 वालाही मिळतो आणि तो झटका थोडा जास्त चांगला दाबतो, पण आपल्याकडे व्होल्टेज कधी कधी जसं चढतं, ते पाहता मला 320 बरा वाटला. आमच्या जुन्या एसीचा स्टॅबिलायझर अजून भिंतीवर आहे. एसी बदलला की तोही काढणार आहे.