अटलांटाची ऑल-स्टार वीक : पाच महिन्यांनी लिहितोय, पार्किंगचे पैसे परत आल्यावर

परवा क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये ९५ डॉलर जमा झालेले दिसले आणि हातातलं काम बाजूला ठेवून हे लिहायला बसलो. जुलै २०२५ मध्ये अटलांटाला बेसबॉलची ऑल-स्टार (अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग यांच्या निवडक खेळाडूंची मॅच) झाली तेव्हा घेतलेल्या पार्किंग पासचे पैसे आहेत हे. पाच महिने, अकरा ईमेल, तीन फोन, शेवटी बँकेकडे डिस्प्यूट टाकला तेव्हा आले. म्हणून आधी पार्किंगचंच सांगतो, मॅचचं नंतर, कारण मॅच काय सगळ्यांनी टीव्हीवर बघितलीच असेल.

आम्ही अल्फारेटाला राहतो, म्हणजे स्टेडियम तसं घरचंच. मी, बायको, दहा वर्षांचा मुलगा, आणि उन्हाळ्यासाठी मिरजेहून आलेले बाबा, वय ७२, गुडघे दुखतात. ज्यांनी ट्रूइस्ट पार्क बघितलंय त्यांना माहितीये की ते अटलांटा शहरात नाहीये, कॉब काउंटीत आहे, आय-७५ आणि आय-२८५ जिथे भेटतात तिथे. मार्टाची, म्हणजे अटलांटाच्या सार्वजनिक वाहतुकीची, ट्रेन तिथे जातच नाही. १९६५ साली कॉबच्या मतदारांनी मार्टाला नाही म्हटलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रान्झिटसाठीचा टॅक्स पुन्हा मतदानाला आला तेव्हाही नाहीच म्हटलं. एवढ्या मोठ्या इव्हेंटला यायचं तर गाडी, नाहीतर बस, नाहीतर उबर, आणि उबरचे त्या आठवड्यातले रेट बघून मी फोन खिशात ठेवला.

तर मंगळवारच्या मुख्य मॅचसाठी एका रीसेल वेबसाइटवरून पास घेतला, 'दहा मिनिटं चालत' असं लिहिलेलं होतं, बाबांसाठीच मुद्दाम महागातला घेतला. गेटवर गेलो, तिथल्या पोराने स्कॅन केला, लाल लाईट. आधीच वापरलाय म्हणे. म्हणजे तोच पास दोघांना विकला होता! मागे गाड्यांची रांग, हॉर्न, तो पोरगा बिचारा म्हणतोय सर प्लीज मूव्ह. मग २८५ च्या पलीकडे एका ऑफिस कॉम्प्लेक्सच्या आवारात वेगळे ६० डॉलर देऊन गाडी लावली आणि जुलैतल्या जॉर्जियाच्या त्या चिकट उकाड्यात पस्तीस-चाळीस मिनिटं चालत निघालो. हायवेवरून जो पादचारी पूल आहे गॅलेरिया कन्व्हेन्शन सेंटरकडून बॅटरीकडे (स्टेडियमला लागून असलेला दुकानं-हॉटेलांचा भाग) जाणारा, त्याच्या आधी बाबा दोनदा बसले. एकदा फुटपाथच्या कडेला, एकदा एका बँकेच्या पायरीवर. काही बोलले नाहीत ते, पण मला इतकं वाईट वाटलं की आजही तो पूल गाडीतून दिसला तरी पोटात कालवतं.

आणि यात पहिली इनिंग गेली. आम्ही वरच्या डेकच्या एस्केलेटरवर असताना आतून एकदम मोठा आवाज आला, तो नॅशनल लीगच्या केटेल मार्टेच्या दोन रन मिळवून देणाऱ्या फटक्याचा होता हे मुलाने फोनवर बघून सांगितलं. त्याहून जास्त चुटपुट म्हणजे ऑल-स्टारमध्ये पहिल्यांदाच एबीएस चॅलेंज होतं, म्हणजे आपल्या डीआरएससारखं, अंपायरने बॉल (बाहेरचा) किंवा स्ट्राइक (बरोबर पडलेला) म्हटलं आणि पिचर, कॅचर किंवा बॅटरला पटलं नाही तर डोक्यावर हात मारायचा आणि कॅमेरे सांगणार स्ट्राइक होता की नाही. ते पहिलं चॅलेंज अमेरिकन लीगचा स्कूबल पिच करत असताना मचाडोच्या वेळी झालं, स्ट्राइक निघाला, मचाडो आऊट. ते आम्ही बघितलं नाही! आता २०२६ पासून हे प्रत्येक मॅचला असणार आहे, ठरलंय तसं, आणि पहिल्यांदा झालं तेव्हा आम्ही भिंतीच्या बाहेर होतो. ९५ डॉलर परत आले, ते थोडंच परत येणार आहे.

(इथपर्यंतचं बरंचसं मी ऑगस्टमध्येच लिहून ठेवलं होतं आणि शेवटी एकच स्टार देऊन 'घरी टीव्हीवर बघा, पैसे वाचवा' असं लिहिलं होतं. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चार जणांना तसं सांगितलंही. आता डिसेंबरात परत वाचताना ते मला पटत नाहीये, का ते पुढे सांगतो.)

आधी पैशाचा हिशोब, कारण तोच सगळे विचारतात. आठवडाभर खूप काही असतं, सगळ्याला जायची गरज नाही. शुक्रवारी स्विंगमन क्लासिक होती, एचबीसीयू म्हणजे कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या कॉलेजांमधल्या पोरांची मॅच, केन ग्रिफी ज्युनियरने पुढाकार घेऊन सुरू केलेली. तिकीट स्वस्त, गर्दी बेताची, कॉलेजचे बँड वाजत होते आणि बाबा चार तास हसत बसले होते. संपूर्ण आठवड्यात पैसे वसूल म्हणाल तर हेच. गॅलेरियामधलं ऑल-स्टार व्हिलेजही मुलं असतील तर कराच, फक्त सकाळी उघडायच्या आधी रांगेत उभं राहा. दुपारी दोन तास रांगेत काढून मुलाने पिचिंगचा स्पीड मोजून घेतला, ४१ मैल, अजून शाळेत सांगत फिरतो. ड्राफ्ट, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम, रविवारी बॅटरीमधल्या रॉक्सी थिएटरमध्ये होता, त्यात बघण्यासारखं मला काही वाटलं नाही, नावं पुकारतात आणि टोपी घालतात.

सोमवारची होम रन डर्बी (फक्त होम रन, म्हणजे आपल्या सिक्सरसारखे फटके, मारायची स्पर्धा) महाग होती आणि मी फक्त मुलाला घेऊन गेलो. ओनील क्रूझने एक ५१३ फूट मारला, तो बॉल उजवीकडे स्टेडियमच्या बाहेरच गेला, टीव्हीवर त्याचा अंदाज येतच नाही, बॅटचा आवाजच वेगळा येतो. कॅल रॅली आणि ब्रेंट रूकर पहिल्या राऊंडला १७-१७ वर अडकले आणि सगळ्यात लांब होम रन कोणाचा यावरून निकाल लागला, तोही एक इंचाहून कमी फरकाने. त्यात वाचलेला रॅली पुढे जिंकला, आणि डर्बी जिंकणारा तो पहिला कॅचर. त्याला बॉल टाकत होते त्याचे वडील आणि मागे कॅचर म्हणून बसलेला त्याचा धाकटा भाऊ. माझा मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, तू मला असं टाकशील का. तेव्हापासून रोज संध्याकाळी ड्राइव्हवेमध्ये टाकतोय, खांदा धरलाय माझा.

आता मुख्य मॅच. पहिली इनिंग हुकली पण दुसरीत नॅशनल लीगचा पिचर क्लेटन कर्शॉ आला. त्याच्या पहिल्याच बॅटरचा, रॅलीचा, जोरात मारलेला बॉल डावीकडे टकरने झेप घेऊन पकडला, मग ग्वेरेरो ज्युनियरला नुसता बघत उभा ठेवून आऊट केलं, आणि लगेच मॅनेजर येऊन त्याला घेऊन गेला. अख्खं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. दोन आठवड्यांपूर्वीच त्याचे कारकिर्दीतले ३००० स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइक टाकून बाद केलेले बॅटर) झाले होते. त्या रात्री मला वाटलं दोनच बॅटर, एवढ्यासाठी काय एवढं. मग सप्टेंबरात त्याने रिटायरमेंट जाहीर केली आणि आता ते दोन बॅटर मला सगळ्यात आधी आठवतात.

एक आनंदाची गोष्ट म्हणजे खेळाडू आपापल्या टीमच्या जर्सीत होते. मधली काही वर्षं सगळ्यांना एकसारखे ऑल-स्टार कपडे घालायचे, कोण कुठला ते कळायचं नाही. बाबांनाही पटकन समजायला लागलं, तो निळ्यातला, तो लाल पट्ट्यातला असं.

सहावी इनिंग संपल्यावर अटलांटाचा जुना दिग्गज बॅटर हँक एरनसाठी दिवे घालवले. ८ एप्रिल १९७४ ला त्याने इथल्याच जुन्या स्टेडियममध्ये ७१५ वा होम रन मारून बेब रूथचा कारकिर्दीतल्या होम रनचा रेकॉर्ड मोडला होता, त्याची चित्रं मैदानावर प्रोजेक्ट केली आणि होम प्लेटवरून आगीचा गोळा तसाच हवेत गेला. माझ्या बाजूला एक सत्तरीतले गृहस्थ होते, काळे, अटलांटाचेच, ते डोळे पुसत होते. बाबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दोघांना एकमेकांची भाषा फारशी येत नव्हती.

नॅशनल लीग ६-० ने पुढे होती, अर्धी माणसं उठून पार्किंगकडे निघाली, आणि मी पण उठलो असतो, पण गाडी एवढ्या लांब होती की बाबा म्हणाले बसू दे जरा, पाय दुखतायत, गर्दी ओसरली की जाऊ. म्हणून थांबलो. अमेरिकन लीगच्या रूकरने तीन रनचा होम रन मारला, मग आणखी रन झाले, नवव्या इनिंगला दोन आऊट असताना क्वानने बॉल जेमतेम थर्ड बेसपर्यंत टोलवला आणि पळून पोचला, ६-६. बारा वाजत आले होते. मग एक्स्ट्रा इनिंग नाही, स्विंग-ऑफ. प्रत्येक टीमचे तीन बॅटर, प्रत्येकाला तीन स्विंग, होम रन मोजायचे. २००२ ला मिलवॉकीत ७-७ वर मॅच तशीच सोडून दिली होती आणि लोक चिडले होते. स्विंग-ऑफचा नियम २०२२ मध्ये आला, पण वापरला गेला तो आत्ता पहिल्यांदाच. मी नियम वाचला होता तेव्हा मला तो थिल्लरच वाटला होता.

मुलगा आजोबांना समजावायला लागला तर ते म्हणाले, कळलं रे, बॉल-आऊट आहे हे. डर्बन, २००७, पाकिस्तान. सेहवाग, हरभजन, उथप्पा. आणि पुढे सरकून बसले.

अमेरिकन लीगचे तीन झाले, नॅशनलचा एकच. मग नॅशनलकडून काइल श्वार्बर आला, त्याला मॅचमध्ये एकही हिट मिळाला नव्हता. पहिला गेला. दुसरा त्याहून लांब गेला. तिसऱ्याला तो गुडघ्यावर खाली गेला आणि तोही गेला. तीन स्विंग, तीन होम रन. बाबा उभे होते, दोन्ही हात वर, गुडघे विसरून. मी मैदानाकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघत होतो. ४-३, नॅशनल लीग, आणि एमव्हीपी, म्हणजे मॅचचा सर्वोत्तम खेळाडू, श्वार्बर.

परत जाताना तोच पूल, तेवढंच अंतर, बाबा एकदाही बसले नाहीत.

म्हणून तो ऑगस्टातला एकच स्टार खोडून पाचपैकी चार देतोय, एक पार्किंगसाठी कापला तो कापलाच. जाणार असाल तर तिकीट काढायच्या आधी तिथे पोचणार कसं ते बघा, पास घेतला तर फक्त अधिकृत विक्रेत्याकडूनच, आणि घरचं मोठं माणूस सोबत असेल तर निदान दोन तास आधी पोचा. सगळ्याला जायचं परवडत नसेल तर डर्बी सोडा, मुख्य मॅच आणि स्विंगमन ठेवा.

पुढची १४ जुलै २०२६ ला फिलाडेल्फियाला आहे, तिथे सबवेची ब्रॉड स्ट्रीट लाइन स्टेडियमपर्यंत जाते. चुलतभाऊ न्यू जर्सीत राहतो, गाडी त्याच्या दारात लावणार आहे. काल बाबांचा फोन आला होता, थंडी किती वगैरे विचारून झालं आणि मग म्हणाले, तो तीन मारणारा तिथलाच ना, अजून तिथेच आहे का? म्हटलं हो बाबा, याच महिन्यात पाच वर्षांचा नवा करार केलाय फिलीजशी, म्हणजे तिथल्याच टीमशी. मग व्हिसाच्या तारखा बघ म्हणाले.